लझहरची बिनपाण्याची मेंढरं

"या उन्हाळ्यात माझी मेंढरं पाण्याच्या थेंबालाही तोंड लावणार नाहीत!" असं म्हणून लझहरने चहाचा ग्लास टेबलावर असा काही आपटला, की चौघांच्या पत्त्यांनी जागच्या जागी उड्या मारल्या.

ऐन सफसाफ गावच्या कॉफीच्या दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. ऐन म्हणजे झरा. तो झरा आटून तिसरं वर्ष चालू होतं. गावात ओलं म्हणावं असं ते नावच काय ते उरलं होतं. टाकीतलं पाणी माणसं मोजून पीत होती, आणि हा गृहस्थ म्हणतो मेंढरं पिणारच नाहीत!

"मग काय पिणार, दाजी? कॉफी?" तिजानीने पत्ते सावरत विचारलं.

तिजानी म्हणजे लझहरच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे एक म्हातारा ट्रॅक्टर होता आणि ट्रॅक्टरमागे तीन हजार लिटरची टाकी. टाकीची तोटी गळकी होती. त्यामुळे तिजानी कुठे गेलाय हे गावात कोणाला विचारावं लागत नसे. रस्त्यावरच्या ओल्या रेघेमागे चालत गेलं की तो सापडायचा. दुष्काळात सगळं गाव त्याच्या पुढेपुढे करत होतं, आणि नेमकं तेच लझहरच्या डोळ्यांत खुपत होतं. मेहुणा आणि पुढे? हा काय न्याय झाला?

"निवडुंग!" लझहर म्हणाला. "फडीत शंभरात नव्वद भाग पाणी असतं, नव्वद! मेंढरू खातं म्हणजे पितंच. मी तीन दिवस प्रशिक्षण घेतलंय, तिजानी. प्रमाणपत्र आहे."

प्रमाणपत्र होतं खरं. लझहरने ते चौकटीत घालून लग्नाच्या फोटोशेजारी लावलं होतं, फोटोपेक्षा चार बोटं वर. एकतीस वर्षं शहरातल्या पोस्टात शिक्के मारून तो दोन वर्षांपूर्वी गावी परतला, अठरा मेंढ्या घेतल्या, आणि 'दुष्काळातला चारा' या विषयावरच्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसला. फक्त तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला कोकराच्या मटणाचा कुसकुस होता, आणि जेवणानंतरचं व्याख्यान त्याने डोळे मिटून ऐकलं. पार शेवटपर्यंत. एवढंच काय ते झालं!

"पाऊस पडेपर्यंत तुझ्या टाकीतला एक थेंब घेणार नाही!" लझहरने जाहीर केलं.

"बरं, दाजी," तिजानी शांतपणे म्हणाला आणि त्याने हुकमाचं पान टाकलं.

*

निवडुंगाला आमच्याकडे 'हिंदी' म्हणतात. त्यात हिंदुस्थानचा काही दोष नाही. लझहरच्या घराला तिन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीच्या निवडुंगाचं कुंपण होतं. त्याच्या आईने लावलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोयता आणि गॅसचा बर्नर घेऊन त्या कुंपणाला भिडला. आधी काटे जाळायचे, मग फडी कापायची. प्रशिक्षणात हे दाखवलं होतं आणि तेव्हा तो जागा होता.

"अहो, रस्त्याकडचं कापू नका!" त्याची बायको मबरूका स्वयंपाकघरातून ओरडली. "ते कुंपण आहे!"

"कुंपण नाही, चारा आहे! बघण्याची दृष्टी पाहिजे!"

मोठे काटे जळले. पण निवडुंगाला मोठ्या काट्यांच्या बुडाशी केसाएवढी बारीक कुसळंही असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, कातडीला बरोबर कळतात. दुपारपर्यंत लझहरच्या तळहातात, मानेत, मिशीत, आणि तो विश्रांतीसाठी एका फडीवर टेकल्यामुळे इतरत्रही, कुसळंच कुसळं झाली. मबरूकाने त्याला उजेडात बसवलं आणि चिमट्याने एकेक उपटायला घेतलं.

"आई गं!"

"हलू नका."

"मी कुठे हलतोय? ते कुसळच हलतंय!"

"मी काय म्हणते," ती एक उपटून दुसरं शोधत म्हणाली, "फडीबरोबर काड टाका. गव्हाचं काड आधी, मग फडी. माझी आई तसंच करायची."

"काडात पाणी असतं का?"

"नाही."

"मग? मुद्दा पाण्याचा चाललाय, मबरूका. तुझ्या आईने प्रशिक्षण घेतलं होतं का?"

मबरूकाने पुढचं कुसळ जरा सावकाश उपटलं.

तिच्या स्वतःच्या सहा मेंढ्या होत्या. आईने लग्नात एक दिली होती, तिच्याच नाती-पणत्या. त्या सहा स्वयंपाकघरामागे वेगळ्या राहायच्या, आणि त्यांना काय घालायचं यात नवऱ्याने तोंड घालायचं नाही, हे पस्तीस वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं.

*

आणि खरं सांगतो, पहिले आठ दिवस लझहर अगदी हवेत होता! अठराच्या अठरा मेंढरांनी फडींवर अशी झडप घातली, जशी ती लग्नाच्या पंगतीत बसलीत. कचाकचा, रसरसून. आणि पाण्याची कुंडी सकाळी जशी भरलेली असायची तशीच संध्याकाळी! मेंढरं तिच्याकडे बघायचीसुद्धा नाहीत. लझहर दिवसातून पाच वेळा कुंडीत काडी घालून पाणी मोजायचा, आणि कॉफीच्या दुकानात जाऊन ती काडी दाखवायचा.

नवव्या दिवशी त्याने प्रशिक्षण देणाऱ्या शिराझ मॅडमना फोन लावला. ऐन सफसाफमध्ये फोन लागतो तो फक्त छपरावर, आणि तोही टाकीच्या कोपऱ्यात एका पायावर उभं राहिलं तर.

"मॅडम! माझ्या मेंढरांनी पाणी सोडलं!"

"अरे वा! नुसता निवडुंग नाही ना देत? काड किती टाकता?" मॅडमनी विचारलं.

वाऱ्याने त्यातलं अर्धं नेलं. लझहरला ऐकू आलं ते "किती काढता?" त्याला वाटलं, कुसळं.

"रोज दीडशे!" तो छपरावरून ओरडला.

"दीडशे किलो! अहो, मग ते जरा जास्तच होतंय, कमी केलं तरी चालेल. पण उत्तम! मी येत्या गुरुवारी आसपासच्या गावांतले शेतकरी घेऊन येते. शाळेच्या आवारात जमू. तुम्हीच बोला. आणि ते कापणीचं यंत्र आलंय आमच्याकडे, फडी चिरण्याचं. एकाच गावाला देणार आहोत. बघू."

लझहर छपरावरून उतरला तो शिडीला पाय न लावताच उतरला म्हणायला हरकत नाही. भाषण! यंत्र! तिजानीसमोर! त्याने लगेच निळा रंग आणला आणि प्रत्येक मेंढराच्या पाठीवर ठसठशीत आकडा काढला, एक ते अठरा, आणि खाली स्वतःच्या नावाचा 'ल'. एकतीस वर्षं रजिस्टर टपाल हाताळलेला माणूस तो. नंबर नसलेली वस्तू त्याला बेवारस वाटायची.

आणि नेमक्या त्याच संध्याकाळी आठ नंबरच्या मेंढीचं पोट बिघडलं.

सकाळपर्यंत अठराही जणींना ढाळ लागले. मेंढीच्या लेंड्या कशा, सुबक, गोल, मिऱ्यांसारख्या टपटप पडतात! इथे लेंडी हा प्रकारच बंद झाला. आमच्याकडची मेंढी जाड शेपटाची. मागे चांगली उशीएवढी चरबीची गादी असते. त्या अठरा गाद्यांची जी दशा झाली, ती जेवणाआधी वाचणाऱ्यांसाठी मी सांगत नाही. माश्यांनी मात्र शेजारच्या तीन गावांत निरोप धाडले.

"काड टाका," मबरूका नाकाला पदर... म्हणजे डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावून म्हणाली.

"हवामान बदलतंय. त्याचा परिणाम."

"काड टाका, अहो."

"गुरुवारी मॅडम येणार आहेत! त्यांच्यासमोर अशी मेंढरं? आधी धुवायला हवीत!"

आणि त्याने मेंढरं धुवायला घेतली. एका मेंढीला दोन बादल्या. अठरा मेंढ्या. शेवटची धुऊन होईपर्यंत पहिली पुन्हा तयार! सोमवारी धुतली, मंगळवारी सकाळी धुतली, मंगळवारी दुपारी धुतली. अंगणाखालच्या टाकीत गेल्या हिवाळ्यातलं छपरावरचं पाणी साठवलेलं होतं, चहाला लागलं तरी मबरूका त्याला विचारून काढायची. मंगळवारी संध्याकाळी लझहरने बादली सोडली तेव्हा खालून 'डुबुक' असा आवाज आला नाही. 'खण्ण' असा आला.

तो कठड्यावर बसला. जी मेंढरं पाणी पीत नव्हती, त्यांनी दोन दिवसांत घरचं चार महिन्यांचं पाणी संपवलं होतं. तेही एक थेंब न पिता!

*

बुधवारी पहाटे काळतोंडी उठेना. काळतोंडी म्हणजे तीन नंबर. नंबर घालायच्या आधीपासून त्याची लाडकी. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्याने विकत घेतलेली पहिली मेंढी. आणि शहरातून परतलेल्या माणसाला गावात ज्या एका जिवाने बिनशर्त आपलं मानलं, ती हीच. ती भिंतीला टेकून पडली होती. डोळे खोल गेले होते. लझहर तिच्याजवळ बसला, तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि त्याच्या लक्षात आलं की गेले दहा दिवस आपण कुंडी मोजली, फडी मोजल्या, हिच्याकडे मात्र नीट बघितलंच नाही.

"हिला काही झालं तर..." तो म्हणाला.

मबरूका आली. तिने काळतोंडीला दोन वाट्या मीठ-साखरेचं पाणी पाजलं, मूठभर काड पुढे धरलं. काळतोंडीने हुंगलं, विचार केला, आणि हळूहळू चावायला लागली. तासाभराने ती उठून उभी राहिली. मबरूका तिला ओढत आपल्या सहा जणींमध्ये घेऊन गेली.

आता इथे कोणाही शहाण्या माणसाला उमगलं असतं. पण लझहरला उमगलं ते भलतंच. त्याला प्रशिक्षणातलं एक वाक्य आठवलं, डोळे मिटायच्या अगदी आधीचं: 'निवडुंगाला गतफची जोड द्या.' गतफ म्हणजे माळावर उगवणारी ती राखाडी पानांची झुडपं. पाऊस नसला तरी हिरवी राहतात, कारण जमिनीतलं सगळं मीठ पानात भरून घेतात. चाखून बघा, खारवलेल्या बोरासारखी लागतात!

"गतफ कोरडा असतो," लझहरने हिशोब मांडला. "म्हणजे पोट बांधलं जाणार! निवडुंग बंद. नुसता गतफ!"

त्याने गाढवावर दोन खेपा गतफ आणला आणि मेंढरांपुढे डोंगर रचला. आणि काय सांगू, गुण आला! संध्याकाळपर्यंत ढाळ थांबले. गुरुवारी सकाळी लझहरने मेंढरं बघितली. स्वच्छ. कोरडी. निळे आकडे झळकतायत. त्याने समाधानाने मिशी विंचरली आणि पोस्टातला कोट चढवला.

मेंढरं मात्र जरा विचित्र वागत होती. सगळी कुंडीभोवती उभी होती. कुंडी रिकामी होती; त्यातलं पाणी कधीच धुण्यात गेलं होतं. सतरा जणी त्या कोरड्या दगडाला जीभ लावून बघत होत्या आणि मग एकदम लझहरकडे बघत होत्या.

"बेऽऽ!" अकरा नंबर म्हणाली. आवाज घोगरा होता.

"तासाभरात येतो," लझहर म्हणाला. "भाषण झालं की तिजानीला बाजूला घेऊन बोलतो. गुपचूप. दोन बादल्या."

आणि तो निघाला. रस्त्याकडचं कुंपण त्याने बारा दिवसांत कापून मेंढरांना घातलं होतं, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. मेंढरांच्या राहिलं.

*

शाळेच्या आवारात तुतीच्या सावलीत चाळीस माणसं बसली होती. मॅडम पुढच्या खुर्चीत वही उघडून. टेबलावर पाण्याची बाटली, फुलदाणी, आणि चहासाठी भरून ठेवलेली बादली. लझहर उभा राहिला. घसा साफ केला.

"मित्रहो! पाणी ही सवय आहे!"

कोणीतरी टाळी वाजवली.

"आपण मेंढराला पाणी दाखवतो, म्हणून ते पितं! माझ्या मेंढरांनी आज बारा दिवस थेंबाला तोंड लावलेलं नाही! त्यांना तहान म्हणजे काय, हेच आता आठवत नाही! आज जर त्यांच्यापुढून नदी वाहत गेली..."

तेवढ्यात लांबून ट्रॅक्टरचा आवाज आला. फट-फट-फट-फट. तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. त्याच्यामागून येणारा आवाज मात्र ओळखीचा नव्हता. सतरा घोगरे गळे एका सुरात ओरडत होते!

तिजानी शाळेला पाणी द्यायला निघाला होता. नेहमीच्या रस्त्याने, लझहरच्या घरावरून. गळकी तोटी नेहमीसारखी गळत होती. पुढे काय झालं ते त्याने नंतर महिनाभर कॉफीच्या दुकानात सांगितलं: आधी एक मेंढी मागे लागली, त्याला वाटलं चुकली असेल. मग पाच. मग मागे वळून बघितलं तर धुळीचा लोट, आणि त्यात जिभा! त्याने वेग वाढवला. त्यांनीही वाढवला. त्याने भोंगा वाजवला. त्यांना वाटलं बोलावतोय.

ट्रॅक्टर शाळेच्या फाटकातून आत शिरला. चौदा नंबर तोटी तोंडात धरून टाकीबरोबर धावत होती, जसं कोकरू आईला लुचतं. बाकीच्यांनी आवारात पाणी बघितलं आणि आवार त्यांचंच झालं! दोघी चहाच्या बादलीत, एक मॅडमच्या बाटलीवर, एक फुलदाणीतली फुलं बाजूला थुंकून पाणी प्यायली. सहा नंबरने एका म्हाताऱ्याच्या हातातला चहाचा ग्लास त्याच्या हातातच रिकामा केला. पुदिन्यासकट!

तिजानीने इंजिन बंद केलं. उरला नुसता पिण्याचा आवाज. सुर्रर्र. सुर्रर्र.

"दाजी," तिजानी सीटवरूनच म्हणाला, "यांना जरा सांगा ना, की यांना तहान लागत नाही."

लझहरच्या तोंडून जे निघालं, ते निघायला नको होतं.

"ही... ही माझी मेंढरं नाहीत."

चाळीस माणसांनी सतरा पाठींवरचे निळे आकडे वाचले. आणि त्याखालचा सतरा वेळा काढलेला 'ल'.

जो हशा पिकला, त्याने तुतीवरच्या चिमण्या उडाल्या. मॅडमनी वहीमागे तोंड लपवलं. वही हलत होती.

"पाजू नका एकदम! बंद करा ती तोटी!" फाटकातून मबरूका धावत आली. रुमाल सुटलेला, चपला हातात. "खारं खाऊन आल्यात त्या! भसाभस प्यायल्या तर पोट फुगेल! तिजा, तोटी बांध! तुम्ही दोघं बादली उचला! थोडं थोडं द्या, थांबत थांबत!"

आणि चाळीस माणसं कामाला लागली. पुढचा अर्धा तास भाषण वगैरे राहिलं बाजूला. प्रत्येकाच्या हातात एकेक मेंढी आणि मबरूका मधे उभी राहून सांगतेय कोणी कधी प्यायचं. लझहर दोन मेंढ्यांचे कान धरून उभा होता. पोस्टातला कोट कोपरापर्यंत भिजला होता. पण सगळ्या जणी निवळल्या, हळूहळू खाली बसल्या, आणि चौदा नंबरने रवंथ सुरू केला, तेव्हा त्याने एवढा मोठा सुस्कारा सोडला, की मॅडमनी वळून बघितलं.

"काय घातलं होतंत यांना?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला आता उरलंच काय होतं? त्याने सगळं सांगितलं. फडी, ढाळ, धुणं, गतफ. दीडशेचाही उलगडा झाला.

"अठरा म्हणाला होतात. या सतराच आहेत."

"एक माझ्या सहांबरोबर आहे," मबरूका म्हणाली. "घरी. झोपल्या असतील."

*

मग सगळी सभाच उठून लझहरच्या घरी गेली. स्वयंपाकघरामागे सात मेंढ्या सावलीत पडल्या होत्या. गुबगुबीत, डोळे अर्धे मिटलेले, तोंड संथ हलतंय. काळतोंडीने मान उचलून चाळीस माणसांकडे बघितलं आणि पुन्हा खाली ठेवली. कोपऱ्यातल्या पातेल्यात तांब्याभर पाणी होतं, आणि ते कालचंच होतं.

मबरूकाने टोपली पुढे केली. आधी पोटभर काड. मग बारीक चिरलेल्या फडी, पहिल्या दिवशी दोन, मग वाढवत वाढवत. वरून पसाभर गतफ. जव असले तर मूठभर, नसले तर नाही. निवडुंगातलं पाणी गतफचं मीठ सोसतं, काड पोट सांभाळतं. एवढंच.

मॅडमनी टोपलीत हात घालून बघितलं, मग मबरूकाकडे. "तिसऱ्या दिवशी दुपारी मी हेच दोन तास सांगितलं होतं. तुम्हाला कोणी शिकवलं?"

"आईने. तिच्या वेळी प्रमाणपत्रं नव्हती."

"मग यांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की! तीनदा! पण हे एकतीस वर्षं पोस्टात होते ना, मॅडम. यांना लेखी लागतं."

लझहर निवडुंगाकडे बघत राहिला, जणू त्याला तिथे काहीतरी महत्त्वाचं दिसलं होतं.

लोक पांगले तेव्हा अंगणात ट्रॅक्टर आला. तिजानी उतरला, पाइप ओढला, अंगणाखालच्या टाकीचं झाकण उघडलं आणि पाणी सोडलं. लझहर त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"तिजानी, अरे, मी म्हणालो होतो..."

"एक थेंब नको म्हणाला होतात, दाजी. हे तीन हजार लिटर आहे. थेंब कुठाय यात?"

दोघंही हसले. मग लझहर आत गेला, पाना आणि जुन्या सायकलची ट्यूब घेऊन आला, टाकीखाली आडवा पडला आणि ती तोटी नीट करायला लागला. दोन वर्षं तिजानीला ते जमलं नव्हतं. लझहरलाही जमलं नाही, पण गळती अर्ध्यावर आली. संध्याकाळी मबरूकाने चुलीतल्या गरम भाकरी, ऑलिव्हचं तेल आणि लाल मिरचीची चटणी पुढे ठेवली, आणि तिघं जण अंगणात बसून पोट भरेपर्यंत जेवली.

पंधरा दिवसांत मेंढरांच्या लेंड्या पुन्हा गोल झाल्या. लझहरने पहिली बघितली तेव्हा मबरूकाला हाका मारून दाखवायला बोलावलं, एवढा आनंद त्याला प्रमाणपत्र मिळालं तेव्हाही झाला नव्हता.

यंत्र आलं. मबरूकाच्या नावावर. वरून फडी टाकायची, हाताने दांडा फिरवायचा, खालून फोडी पडतात. मॅडमनी मग पुढचा वर्ग मबरूकाच्या अंगणातच ठेवला. डोंगरापलीकडच्या गावांतून वीस-बावीस बायका टेम्पोत बसून आल्या. मबरूका टोपली घेऊन मधे उभी राहिली, काडापासून सुरुवात केली, आणि एकीलाही डुलकी लागू दिली नाही. अंगणाच्या कडेला लझहर बाह्या सरसावून यंत्राचा दांडा फिरवत होता. घामाघूम, हाताला फडक्याच्या पट्ट्या, आणि पुटपुटत फोडी मोजत.

त्यातल्या एका म्हातारीने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग मबरूकाच्या कानाशी लागून विचारलं, "हा गडी कोण गं?"

मबरूकाने वळून बघितलं.

"नवीनच आहे," ती म्हणाली. "पण शिकेल. हात बसतोय हळूहळू."